गटात कोण होतं?

कऱ्हाडच्या ऊसपट्ट्यातल्या एका गावात, एकाच वाड्यात दोन भावांचे संसार होते. थोरले अण्णा, धाकटे तात्या. अण्णांचा मुलगा आणि तात्यांची मुलगी एकाच वर्षी बारावी सायन्सला आले. मुलगी काही महिन्यांनी मोठी, म्हणून घरात ती ताई आणि तो भैया. दोघांनाही इंजिनिअरिंगला जायचं होतं. म्हणजे वाट एकच, एमएचटी-सीईटी, पीसीएम गट. २०० गुणांची परीक्षा. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, एकेका गुणाचे, दोन्ही मिळून ९० मिनिटांत. गणिताचे ५०, दोन-दोन गुणांचे, त्यालाही ९० मिनिटं.

जानेवारीत दोघांनीही सराव परीक्षा दिल्या. भैयाची त्याच्या क्लासने घेतलेली, क्लासच्याच मुलांसाठी. ताईची ऑनलाइन, राज्यभरातून मुलं बसलेली. निकाल एकाच आठवड्यात आले. भैयाला ९७ पर्सेंटाइल, ताईला ७१.

अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. तात्या मात्र दोन दिवस गप्पच होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "दहावीला एक्क्याण्णव टक्के होते तुला. आता एकाहत्तर. जमत नसलं तर आत्ताच सांग, बीएस्सीला घालू. उगीच जिवाला घोर नको."

ताईच्या घशात घास अडकला. तिलाही तसंच वाटत होतं. नववीपासून टक्क्यांतच मोजायची सवय लागली की पर्सेंटाइलचा आकडासुद्धा डोळ्यांना टक्क्यांसारखाच दिसतो. या एका गैरसमजापायी किती मुलांनी चांगला चाललेला अभ्यास सोडला असेल, या विचाराने जीव तुटतो.

आजोबा, म्हणजे आबा, ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांची शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण तरुणपणी त्यांनी शर्यतीची बैलं राखली होती, आणि मैदानातला हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. त्यांनी ताईला हाक मारली.

"ह्यो तुझा आकडा म्हंजे काय गं?"

"म्हणजे आबा, शंभर जणांत एकाहत्तर जण माझ्याइतके नाहीतर माझ्या मागं."

"आन् भैयाच्या मागं सत्त्याण्णव."

"हो."

"मग गटात कोण हुतं, ते सांग की! आपल्या गावच्या मैदानात आपलीच बैलं पळली, तर आपलाच बैल पयला येनार. त्योच बैल पुसेगावच्या मैदानात उतरव, मग बघ. बैल त्योच असतुया. गट बदलतुया."

ताई उठली ती थेट भैयाकडे गेली. त्याची प्रश्नपत्रिका मागून आणली, मोबाइलवर गजर लावला आणि दार लावून ठरलेल्या वेळात सोडवली. भैयाला १०४ गुण पडले होते. तिला १०१ पडले. एकाच पेपरात तीन गुणांचा फरक, आणि घरात बोलणं चाललं होतं ते सव्वीसाच्या फरकाचं.

तिने ते १०१ तात्यांना दाखवले. तात्या बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले. बीएस्सीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता १०१ का, हा खरा प्रश्न होता. ज्युनिअर कॉलेजचे फिजिक्सचे सर तिला म्हणाले, "पर्सेंटाइल बाजूला ठेव. तो लोकांचा हिशेब आहे. तुझा हिशेब चुकांमध्ये आहे, त्या लिहून काढ." तिने दोनशे पानी वही आणली आणि पानावर तीन रकाने पाडले. पहिल्यात आलंच नाही ते, दुसऱ्यात येत होतं पण चुकलं ते, तिसऱ्यात वेळ पुरला नाही ते. सरावाच्या प्रत्येक पेपरातला गेलेला प्रत्येक गुण या तिन्हींपैकी एका रकान्यात जायचा.

वही भरत गेली तशा दोन गोष्टी उघड्या पडल्या.

पहिली म्हणजे, गणितात ती दर वेळी दहा-अकरा प्रश्न कोरेच सोडत होती. सरांनी कारण विचारलं तेव्हा कळलं की सुरुवातीला तिने जेईईचे व्हिडिओ पाहून अभ्यास केला होता. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. त्यामुळे तिथे शिकवतात की खात्री नसेल तर सोड. तीच सवय तिने सीईटीला आणली होती. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे आपल्या हाताने टाकून दिलेली संधी. त्यातही गणिताचा प्रश्न दोन गुणांचा. सर रागावले नाहीत, फक्त एवढंच म्हणाले, "शेवटची पाच मिनिटं राखून ठेव. एकही प्रश्न कोरा सोडून उठायचं नाही."

दुसरी गोष्ट अकरावीची. बोर्डाच्या परीक्षेला बारावीच येते, म्हणून अकरावी झाली की मुलं ती विसरतात. सीईटीत मात्र साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर असतात. म्हणजे प्रत्येक विषयाचे दहा, आणि गुणांत पाहिलं तर २०० पैकी ४०. ताईने अकरावीची बालभारतीची पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती. ती तिने परत मागून आणली. मुखपृष्ठं निघालेली, समासात दुसऱ्याच्या अक्षरातल्या खुणा. त्या पुस्तकांवर तिने फेब्रुवारीपासून रोजची पहाट घातली.

भैयानेही अभ्यास केला, नाही असं नाही. पण ९७ चा आकडा त्याच्या डोक्यात बसला होता. ताई म्हणायची, "एकदा बाहेरची टेस्ट दे की." तो म्हणायचा, "आमचे सर घेतात ना!" चांगला आकडा माणसाला किती अलगद थांबवतो, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही, अण्णांच्याही नाही.

परीक्षा झाली. सीईटी संगणकावर होते आणि लाखो मुलं एका वेळी बसवता येत नाहीत, म्हणून ती बऱ्याच दिवसांत, वेगवेगळ्या सत्रांत घेतात. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. भैयाचा पेपर सोपा गेला, ताईच्या सत्रातलं गणित अंगावर आलं. उत्तरतालिका आली तेव्हा भैयाचे ११८ होत होते, ताईचे १०९. अण्णांच्या घरात पुन्हा आनंद झाला. ताईने रडून घेतलं आणि मग उशीवर डोकं ठेवून भिंतीकडे बघत पडली.

निकाल लागला. ताईला ९३ च्या वर पर्सेंटाइल, भैयाला ९२ च्या थोडं वर.

अण्णा म्हणाले, "काहीतरी घोळ हाय. नऊ गुण जास्त आन् आकडा कमी?" सर घरी आले होते, त्यांनी समजावलं. सीईटीत गुणांची थेट तुलना होत नाही. ज्या सत्रात तुम्ही बसलात, त्या सत्रातल्या किती मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण पडले, ते मोजतात. त्याला त्या सत्रातल्या एकूण मुलांच्या संख्येने भागतात आणि शंभरने गुणतात. प्रत्येक सत्रात जो सगळ्यांत वर, त्याला शंभर, मग त्याचे गुण कितीही असोत.

आबा मधेच म्हणाले, "आमच्या येळंला आसंच हुतं की. सकाळच्या गटाला कोरडं रान, बैलं वाऱ्यावानी पळायची. दुपारी पाऊस झाला की चिखल. चिखलात हळू पळून जी जोडी गटात पयली आली, ती पुढं गेली. कोरड्या रानात तिसरी आली ती घरी. कुनी घड्याळ लावून दोन्ही गट जुळवत न्हाई."

अण्णांना ते पटलं. पण खरी परीक्षा पुढेच होती. भैयाला ९२ म्हणजे खूपच झाले असं वाटत होतं. ऑप्शन फॉर्म भरताना त्याने चारच पर्याय टाकले. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, सगळीकडे कॉम्प्युटर. चौथा पर्यायही तसाच मोठ्या नावाचा. ताईने मात्र आधी कागदावर गणित मांडलं. गटात तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर ९२ पर्सेंटाइलच्या पुढे २४ हजार मुलं असतात. ९९ ला तीन हजार. वरच्या टोकाला जागा इतक्या थोड्या आणि मुलं इतकी दाट की पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत काढतात. मग तिने सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून आदल्या वर्षीची कटऑफची यादी उतरवून घेतली आणि कॉलेज, शाखा, आपला प्रवर्ग, मुलींच्या जागा असं एकेक बघत लांबलचक यादी केली. वरच्या ओळींत जे मनापासून हवं ते, मग मिळण्यासारखं, आणि शेवटी हमखास मिळेल ते. क्रम तिने दोनदा तपासला, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पसंतिक्रम मिळाला तर तो पक्का धरला जातो. मग मागे फिरता येत नाही.

पहिल्या फेरीत ताईला कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल मिळालं. भैयाला काहीच मिळालं नाही.

त्या रात्री तो जेवला नाही. ताई त्याच्या खोलीत गेली ती लॅपटॉप आणि कटऑफची यादी घेऊनच. "तुझा आकडा वाईट नाहीये रे," ती म्हणाली. "तो तुला नीट कुणी वाचून दाखवला नाही, एवढंच. सांग, तुला कॉम्प्युटरच पाहिजे, की चांगलं कॉलेज पाहिजे?"

भैया बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मला मोटारी, वायरिंग, पंप, हे आवडतं. कॉम्प्युटर सगळे घेतात म्हणून टाकलं होतं."

"मग इलेक्ट्रिकल बघू."

अण्णाही चष्मा लावून शेजारी येऊन बसले. यादीतल्या बारीक आकड्यांवर बोट ठेवत एकेक ओळ वाचू लागले. मध्येच सोलापूरच्या मेहुण्यांचा फोन आला. पोराला किती टक्के पडले, म्हणून विचारत होते. "टक्के न्हवं दाजी," अण्णा म्हणाले, "शंभरातली ब्याण्णव पोरं मागं हायत, आठ पुढं. त्या आठांनी जागा घेतल्यावर आपल्याला काय उरतंय, ते बघत बसलोय. उद्या फोन करतो." आणि त्यांनी ताईला विचारलं, "ह्या कॉलेजचं इलेक्ट्रिकल गेल्या साली कितीला बंद झालं, ते वाच बघू."