ठाणावरचा घोडा आणि चाऱ्याची वीट

पोट भरले म्हणजे जीव सुखी झाला, असे आपण सहज बोलून जातो. माणसाच्या बाबतीत हे खरे नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. मग मुक्या जनावराच्या बाबतीत ते खरे कसे धरावे, हा आजचा प्रश्न.

आषाढीच्या वाटेवर माउलींचे अश्व रिंगणात दौडतात. कर्नाटकातील अंकलीहून शितोळे सरकारांचे हे दोन अश्व आळंदीस चालत येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. तिच्यावर माउली बसतात हा आपला भाव. अश्व पुढे गेला की टापांखालची माती आपण कपाळी लावतो. भाव थोरच आहे, पण रिंगण घटकाभराचे. मानोरा तालुक्यात, आपल्या इंझोरीसारख्या गावी घोडा दिसलाच तर वरातीत दिसायचा, आणि वरातही घटकाभराचीच. उरलेला दिवस तो जीव अगाडी-पिछाडी बांधून ठाणावर उभा. त्या वेळी आपले देणे काय?

कोणी म्हणेल, "घोड्याले काय समजते जी? पोट भरलं म्हंजे झालं." तर त्याची घडण पाहू. घोड्याची जठराची पिशवी लहान, अवघी ८ ते १५ लिटरची. रानात मोकळा असला तर तो दिवस-रात्र मिळून १४ ते १६ तास थोडे थोडे चरतो. त्याच्या जठरात आम्लरस सतत पाझरतो, चारा पोटात असो वा नसो. चावताना सुटणारी लाळ ते आम्ल शमविते. आपण मात्र सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याची चंदी पुढे ठेवतो, ती तो बघता बघता फस्त करतो, आणि मग तासन् तास तोंड रिकामे. त्यातून पोटात व्रण होतात, पोटशूळ उठतो. कोणी घोडा गव्हाणीचे लाकूड चावतो, कोणी दात रोवून हवा गिळतो, कोणी जागच्या जागी डोलत राहतो. आपण म्हणतो, जनावर खोडीचे निघाले. पुष्कळदा ती खोड नसते, बंदिवासाला देहाने दिलेले उत्तर असते.

यावर अलीकडे एक उपाय निघाला आहे. वाळलेले गवत किंवा लसूणघास कापून, यंत्रात दाबून त्याची घट्ट वीट करतात. मोकळी पेंढी लवकर संपते. वीट मात्र दातांनी कुरतडत बसावी लागते, म्हणून वेळ जातो आणि लाळ सुटते. पण तारतम्य हवे. विटेची सुतळी वा प्लास्टिक आधी काढावे. बुरशीचा वास आला तर ती फेकावी. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या घोड्यास ती भिजवून, मोकळी करून द्यावी, नाहीतर घास घशात अडकतो. पाणी नेहमी जवळ असावे. लसूणघास पौष्टिक, तो बसून असलेल्या घोड्यास बेताने. आणि विटेखेरीज रोजचा चारा हवाच: १०० किलो वजनामागे निदान दीड किलो कोरडा, म्हणजे ३०० किलोच्या घोड्यास साडेचार किलो.

आता खरी शंका. कैद्याच्या हाती खुळखुळा द्यावा, तशी ही वीट नव्हे काय? जनावर गप्प राहिले म्हणजे आपले मनही गप्प राहते! शंका रास्त आहे. परंतु चघळणे हा घोड्याचा स्वधर्म आहे. वीट त्याला त्याचेच काम परत देते, म्हणून ती नुसती भुलवण नव्हे. मात्र त्याला आणखी दोन गोष्टी लागतात, मोकळे चालणे आणि सोबत. त्या कोणत्याही विटेत दाबून भरता येत नाहीत. पावसाची झड लागली, खुराला इजा झाली, बाहेर काढणे शक्यच नाही, अशा वेळी दिलेली वीट ही सेवा. पण विटेच्या भरवशावर रोजचा फेरफटका बंद केला, तर तीच वीट लाच झाली. वस्तू तीच, हेतूने तिचे पुण्य-पाप ठरते.

महाभारताच्या द्रोणपर्वातला प्रसंग आठवा. जयद्रथवधाचा दिवस, सूर्य मावळायच्या आत प्रतिज्ञा पुरी व्हायची. एकेक क्षण मोलाचा. तरी भगवंताने भर रणात रथाचे घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, अंग चोळले, पाणी पाजले. घोडे काही मागायला आले नव्हते. ज्याला मागता येत नाही, त्याचे मागणे ओळखणे हे धन्याचे काम, हे देवाने स्वतः करून दाखविले.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे शेकतो, ते राबणुकीचे ऋण मानूनच. तीच नजर ठाणावरच्या घोड्याकडे वळवावी. वीट ठेवून परतताना धन्याने स्वतःस एवढेच विचारावे: ही मी त्याच्यासाठी ठेवली, की माझा फेरा वाचावा म्हणून? उत्तर दुसरे आले, तर दावे सोडावे आणि त्याला बाहेर काढावे.