एकटा राहिलेला दाणा

मननासाठी शास्त्रपाठ : योहान १२:२०–२६



आपल्या प्रभूने गव्हाच्या दाण्याचा जो दृष्टांत सांगितला तो तुम्हांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. मातीत न गेलेला दाणा जसाच्या तसा एकटा उरतो, आणि जो मातीत आपला जीव देतो त्याच्यापासून पीक येते, असा त्या वचनाचा भावार्थ आहे. दफनाच्या वेळी हे वचन वाचले जाते व शोक करणाऱ्यांस त्यापासून समाधान मिळते. परंतु आपल्या मंडळ्यांतील जी मुले शाळेत शिकतात त्यांचा या वचनाविषयी एक प्रश्न आमच्या कानी येतो. ती म्हणतात, "मेलेले बी उगवत नाही, असे आम्हांस वर्गात शिकविले. मग दाणा मरतो असे प्रभूने कसे म्हटले?"

हा प्रश्न विचारणाऱ्या लेकरास दटावून गप्प बसविणे बरे नव्हे. त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यासही ठाऊक आहे. किडलेले किंवा भुंग्याने पोखरलेले बी आपण पेरीत नाही. कणगीतील बियाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून आपण जपतो, ते जिवंत राहावे म्हणूनच ना? प्रभूच्या श्रोत्यांतही शेतीची कामे जाणणारे पुष्कळ होते. तर मग त्याने मरण कशास म्हटले, हे समजावे म्हणून आपण दाणाच हाती घेऊन पाहू या.

बीजात देवाने काय ठेविले

रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी चिमटीत धरून दाबा. वरची साल निसटून येते. आत दोन डाळी असतात, आणि त्या डाळींच्या सांध्यात एक चिमुकला कोंब असतो. त्याच्या एका टोकास मूळ होणार, दुसऱ्या टोकास पालवी फुटणार. म्हणजे एका दाण्यात तीन वस्तू आहेत : बाहेर साल, आत शिदोरी, आणि शिदोरीच्या कुशीत जीव. आई जशी लेकरास दूरच्या गावी धाडताना अंगावर पांघरूण घालते व पदरी भाकरी बांधून देते, तशी ही तजवीज आहे.

ही तजवीज सर्वच वनस्पतींना नाही. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर मखमलीसारखे हिरवे शेवाळ येते, आणि ओढ्याच्या काठी सावलीत नेचे वाढतात. यांना फूल येत नाही व बीही धरत नाही. यांच्यातील नरपेशीस मादीपेशीपर्यंत पाण्यातून पोहत जावे लागते. पाण्याचा पातळसा थर का होईना, पण तो नसेल तर त्यांचा संयोग होत नाही. म्हणून ती ओलाव्यास धरून राहतात. शास्त्रज्ञ सांगतात की वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्यास सुमारे ४७ कोटी वर्षे झाली, आणि पहिले बीज त्यानंतर सुमारे दहा कोटी वर्षांनी दिसले. हे आकडे ऐकून कोणी भिऊ नये. बीज देणाऱ्या वनस्पती भूमीने उपजवाव्या अशी आज्ञा देवाने केली, असे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आपण वाचतो. भूमीने ती आज्ञा किती काळात पाळली हे दगडांतील अवशेषांवरून शोधून काढणारा मनुष्य देवाच्याच हातचे काम पाहत असतो. आपल्या देवास घाई नाही, हे तर आपण अब्राहामाच्या गोष्टीवरूनही शिकलो आहो.

बीज आले तेव्हा वनस्पतींस कोरड्या जमिनीवर दूरवर जाता आले. नरपेशीस पोहण्याची गरज उरली नाही. ती परागाच्या कणात बसून वाऱ्यावर किंवा मधमाशीच्या अंगावर प्रवास करू लागली. आणि कोवळ्या जीवास साल व शिदोरी मिळाली, तेणेकरून तो उन्हाळाभर धुळीत पडून मृगाच्या पावसाची वाट पाहू शकतो. ज्या मुलखात आठ महिने आभाळ कोरडे असते, तेथे आपल्या ताटात भाकर येते ती या सालीमुळे व शिदोरीमुळे.

दाणा एकट्याने होत नाही

आता मक्याकडे पाहा. शेंड्याला तुरा असतो, तो नर. कणसाच्या तोंडाशी केसांचा झुबका असतो, तो मादी. त्यातील एकेक केस आत एकेका दाण्याच्या जागेस जोडलेला असतो. तुऱ्यातून उडालेला परागकण केसावर पडला म्हणजे त्याला एक अतिसूक्ष्म नळी फुटते, आणि वीतभर लांबीच्या केसातून वाट काढीत ती सुमारे एका दिवसात आत जाऊन पोहोचते. त्या नळीतून दोन नरपेशी जातात. एकीपासून कोंब घडतो, दुसरीपासून शिदोरी. हा दुहेरी संयोग सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने १८९८ साली प्रथम दाखवून दिला. ज्या केसास पराग लाभत नाही, त्याची जागा कणसात रिकामी राहते. कणीस सोलल्यावर अशा रिकाम्या जागा तुम्ही पाहिल्याच असतील.

१६९४ साली जर्मनीत ट्युबिंगेन येथे कामेरारियुस नावाच्या वैद्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून टाकली. तेव्हा बोंडे आली, पण ती पोकळ. मक्याच्या कणसाचे केस छाटले; तेव्हा दाणे भरले नाहीत. झाड जोमदार होते, खत व पाणीही होते; परंतु बाहेरून जे यावयाचे ते आले नाही, म्हणून फळ पोकळ राहिले. बंधूंनो, हे पोकळ बोंड लक्षात ठेवा. त्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

मग मरते ते काय?

पेरलेला हरभरा पंधरा दिवसांनी उपटून पाहा. वर हिरवे रोप डोलत असते. खाली मुळाशी साल फाटून कुजलेली असते आणि त्या टपोऱ्या डाळी सुरकुतून रित्या झालेल्या असतात. शिदोरीतील सत्त्व कोंबाने वापरले. आत जो जीव होता तो तर वाढला. परंतु दाणा म्हणून जे काही होते, त्याचा घाट, त्याची साल, त्याचा साठा, ते आता कोठे आहे? तो दाणा परत कणगीत ठेविता येत नाही, दळता येत नाही, बाजारात मापून विकता येत नाही. दाणा या नात्याने तो संपला. प्रभूने यासच मरण म्हटले. संत पौलानेही करिंथकरांस पुनरुत्थानाविषयी लिहिताना (१ करिंथ १५:३६–३८) हाच दाखला घेतला, आणि पेरतो ते रूप व उगवते ते रूप निराळे असते हे त्यांच्या ध्यानी आणून दिले.

यास्तव शाळेतील लेकरास आपण असे उत्तर द्यावे : बाळा, तुझे गुरुजी खरे बोलतात, आणि प्रभूही खरे बोलतो. किडीने मेलेले बी उगवत नाही, कारण त्याने आपले काहीच दिले नाही. ते लुटले गेले. परंतु जे जिवंत बी आपली साल फाटू देते व आपली शिदोरी वेचू देते, त्याचे मरण हे देणे आहे. प्रभूने आपला प्राण कोणाकडून हिरावला जाऊ दिला नाही. त्याने तो स्वतः होऊन दिला.

दारात उभे असलेले हेल्लेणी

आता शास्त्रपाठाच्या आरंभी चला. प्रभूने हा दृष्टांत केव्हा सांगितला? सणास आलेले काही हेल्लेणी लोक फिलिप्पाकडे येऊन येशूच्या भेटीची विनंती करितात. फिलिप्प एकट्याने उत्तर देत नाही. तो अंद्रियाकडे जातो, आणि दोघे मिळून प्रभूस सांगतात. परके लोक दारात उभे आहेत. त्यांस आत घ्यावे की न घ्यावे? त्या घडीस प्रभू दाण्याविषयी बोलतो. जो दाणा आपली साल राखतो तो एकटा राहतो. आणि पुढे थोडक्याच वचनांनंतर तो म्हणतो की आपण उंच केले गेल्यावर सर्वांस आपल्याकडे ओढून घेऊ. वधस्तंभावर जी साल फाटली, तीतून यहूदी व हेल्लेणी यांस एक वाट झाली.

प्रियहो, आम्ही जे आता लिहितो ते कठोर वाटेल. पण प्रेमाने लिहितो. आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांस वाळीत टाकले, पाणवठा बंद केला, काम दिले नाही. त्या कडक उन्हाळ्यात आपल्या लहानशा मंडळीने साल घट्ट धरिली, एकमेकांस बिलगून राहिली, म्हणून जीव वाचला. ती साल देवाचीच देणगी होती. तिचा आम्ही उपहास करीत नाही. परंतु उन्हाळा सरल्यावर, पाऊस पडल्यावरही साल उघडत नसेल तर? शेतकऱ्यास ठाऊक आहे की साल फार टणक राहिली तर पाणी आत शिरत नाही, आणि शेजारचे शेत हिरवे झाले तरी ते बी खड्यासारखे पडून राहते.

अद्यापि कोठे कोठे असे घडते की एका जातीतून आलेले विश्वासी देवळात एका बाजूस बसतात व दुसऱ्या जातीतून आलेले दुसऱ्या बाजूस. प्रभुभोजनाचा प्याला एक, परंतु घरचा पाण्याचा तांब्या निराळा. सोयरीक करावयाची वेळ आली म्हणजे बाप्तिस्मा विसरतो व जुने कूळ आठवते. नवीन कुटुंब उपासनेस आले तर "ते आपल्यातले नव्हेत" अशी कुजबूज होते. हे हेल्लेणी आपल्या दारात उभे आहेत! आणि मग आपण विचारितो की मंडळी वाढत का नाही, तरुण मुले का निघून जातात. एरंडाचे बोंड पोकळ का राहिले ते आठवा. बाहेरून यावयाचे होते ते आपणच खुडून टाकले.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांसही एक शब्द. फिलिप्प व अंद्रिया यांनी निरोप दडवून ठेविला नाही. दारात कोण उभे आहे हे प्रभूस व मंडळीस सांगणे तुमच्याकडे आहे, मग पंचांस ते रुचो वा न रुचो. आणि जेथे वर्षानुवर्षे पेरूनही काही दिसत नाही, तेथे निराश होऊ नका.

मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यात १९६३ ते १९६५ या काळात उत्खनन झाले, तेव्हा खजुराच्या जुन्या बिया सापडल्या. सुमारे चाळीस वर्षे त्या तशाच पडून होत्या. २००५ साली त्यांतील काही इस्राएल देशातील केतुरा येथे पेरल्या, आणि एक उगवली. तपासणीअंती ते बी सुमारे दोन हजार वर्षांचे, म्हणजे जवळजवळ आपल्या प्रभूच्या काळचे ठरले. त्या झाडास मथुशलह असे नाव दिले. इतकी वर्षे सालीने जीव राखला, हे देवाचे अद्भुत कृत्य होय. परंतु त्या दोन हजार वर्षांत त्या बीजापासून एकही खजूर मिळाला नाही. बरे, उगवले ते झाड नर निघाले. त्यास एकट्याने फळ येईना. पुढे यहूदीयाच्या रानात सापडलेल्या तशाच प्राचीन बीपासून एक मादी झाड वाढले, त्याचे नाव हन्ना. मथुशलहाचा पराग हन्नेच्या फुलांस दिला, तेव्हा २०२० साली त्या झाडास शंभराहून अधिक खजूर आले.

तर येत्या प्रभुवारी उपासनेस जाल तेव्हा आपल्या नेहमीच्या जागेवरून उठून दुसऱ्या बाजूस जाऊन बसा. उपासना संपल्यावर ज्याच्या घरी तुम्ही कधी पाणी प्यालेले नाही त्याच्या घरी जा आणि पाणी मागून प्या. साल फाटेल तेव्हा दुखेल. नातलग बोलतील, कदाचित सोयरे रुसतील. परंतु जो दाणा आपल्यासाठी मातीत गेला व तिसऱ्या दिवशी उगवला, तो आपणांस एकटे राहू देणार नाही. त्याच्या नावास सर्वकाळ गौरव असो. आमेन.