विश्वास आणि पडताळा

विश्वास आणि पडताळा हीं परस्परविरोधी आहेत, असा समज सज्जनांत रूढ आहे. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याची परीक्षा पाहणें हा त्याचा अपमान होय, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस हा समज मान्य नाहीं. आणि त्याचें कारण काँक्रीटच्या स्लॅबाच्या उदाहरणावरून चांगलें सांगतां येईल.

काँक्रीट दाब सोसतें, ताण फारसा सोसत नाहीं. म्हणून आंतील पोलादी तारा ताणून त्यास आधींच दाबून ठेवावें, ही युक्ति फ्रान्समधील यूजीन फ्रेसिने यांनीं 1928 सालीं पेटंट घेऊन प्रस्थापित केली. स्लॅबांत पुष्कळदां काँक्रीट पुरेसें कठीण झाल्यावर जॅकनें तारा ओढतात व टोंकांशीं पाचरींनीं अडकवितात. तारेंतील ताण डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून त्याविषयीं दोन साक्षी घेतात. जॅकचा दाबमापक ओढीचें बळ सांगतो, पण तें टोंकापाशीं असलेलें. वाटेंत घर्षणानें किती बळ गेलें, तार कोठें अडकली कीं काय, याचा सुगावा तिच्या वाढलेल्या लांबीवरून लागतो. तीस मीटरांची तार सुमारें 20 सेंटिमीटर लांबते. अमेरिकेंतील नियमाप्रमाणें मोजलेल्या व हिशेबाच्या वाढींत शेंकडा 7 हून अधिक तफावत पडल्यास कारण शोधावें लागतें.

मोह येतो तो येथें. न मोजतां हिशेबाचाच आंकडा वहींत उतरविणारा मनुष्य लबाड असतोच असें नाहीं. आपल्या माणसांवर त्याचा केवळ विश्वास असतो. परंतु बाहेरचीं टोंकें एकदां कापलीं, कीं तें माप पुन्हां घेतां येत नाहीं.

एकदां पडताळून भागतें असेंही नाहीं. गोव्यांत मांडवी नदीवर 1970 सालीं खुला झालेला, अशाच ताणलेल्या तारांचा पूल 5 जुलै 1986 रोजीं कोसळला. तारांस लागलेला गंज हें त्याचें कारण मानलें गेलें. पुलावरून जाणाऱ्यास तो गंज दिसणें शक्य नव्हतें.

सारा प्रश्न या शेवटल्या मनुष्याचा आहे. जो स्लॅबाखालीं निजतो त्यास तारा तपासतां येत नाहींत. विश्वास ठेवण्यावांचून त्यास गत्यंतर नसतें. अज्ञान मुलाच्या मिळकतीचा विश्वस्त हिशेब दाखवितांना अपमान मानीत नाहीं, उलट त्याचा आग्रह धरतो. कारण मुलास तो मागतां येत नाहीं. बांधणाऱ्याचेंही तसेंच आहे. दुसऱ्यास निःशंक राहतां यावें म्हणून आपण शंका घेणें, हाच विश्वासास पात्र होण्याचा मार्ग होय, असें आम्हांस वाटतें.