न घेतलेलं व्रत

कंग्राळीसारख्या गावात म्हातारं माणूस जेवायचं कमी झालं की घरचे फारसे घाबरत नाहीत. ‘वय झालं, आता एवढंच जाणार,’ म्हणत ताट उचललं जातं. त्यात दुर्लक्षच असतं असं नाही. पुष्कळदा आदर असतो. एकादश्या, सोमवार धरण्यात जिचा जन्म गेला, तिची अन्नावरची वासना उडाली तर आपल्याला ती विरक्तीच वाटते.

या मातीत तशी थोर उदाहरणंही आहेत. निपाणीजवळच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंत अन्नत्यागाचं जैन व्रत, घेतली. दृष्टी मंदावली होती. पायाखालचा जीव दिसेना, मग अहिंसाव्रत पाळायचं कसं? ऐंशी ओलांडलेल्या त्या साधूनं पूर्ण शुद्धीत, सर्वांना सांगून अन्न सोडलं. त्या त्यागापुढे मी हात जोडतो. आणि म्हणूनच घरातल्या आजीच्या ताटातल्या उरलेल्या भाताला तेच नाव द्यायला मन धजत नाही. तिनं कसलाही संकल्प सोडलेला नाही.

तिच्याजवळ बसून पाहा. ती भात चिवडते, आमटीचं पाणी तेवढं पिते, भाकरी बाजूला सारते, कारण कवळी हिरडीला घासते. पाटल्या मनगटावरून कोपराकडे सरकतात. उंबऱ्यापाशी भिंतीचा आधार लागतो. पूर्वी भांगलणीच्या दिवसांत बांधावर चौघीजणींत बसून ती जेवायची. आता मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, सून नोकरीवर, नातवंडं शाळेत. दुपारचं ताट झाकलेलंच राहतं.

वयानं चव आणि वास मंदावतो, पोट लवकर भरल्यासारखं होतं, हे खरंच. पण कवळी, बद्धकोष्ठ, मधुमेहावरचं मेटफॉर्मिनसारखं औषध, थायरॉइड, क्षय, नवरा गेल्यानंतरचं नैराश्य यांवर इलाज असतो. तो न केल्यास अन्न घटतं तसे स्नायू झिजतात, चालणं कमी होतं, आणि भूक आणखी मरते. वृद्धरोगतज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली जर्जरतेची पाच लक्षणं मांडली: आपोआप घटलेलं वजन, ढिली पडलेली मूठ, थकवा, मंद चाल, कमी हालचाल. यातली तीन दिसली की माणूस जर्जर समजायचं. साधा ताप किंवा एखादं पडणंही मग अशा माणसाला अंथरुणाला खिळवते.

अगदी अखेरच्या दिवसांत शरीर खरोखरच अन्न मागत नाही. तेव्हा जबरदस्तीचा घास म्हणजे छळ. मात्र ती वेळ आली आहे हे डॉक्टरांनी सांगावं, आपण आधीच ठरवून मोकळं होऊ नये.

म्हणून दर महिन्याला आजीचं वजन करा. ते उतरत असेल तर सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन तिला डॉक्टरांकडे न्या. मऊ भातावर तूप, मसुरीची घट्ट आमटी, चालत असेल तर अंडं, असं थोडं थोडं पण चार वेळा द्या. आणि निदान रात्री तरी तिच्या शेजारी पाट मांडून जेवा.