सदऱ्याची खरी किंमत
कवयित्री बहिणाबाईंचं माहेर असलेल्या असोद्याच्या शिवारात कपाशी पिकते. पण सरकी काढलेली रुई गाठी बांधून बाहेर जाते आणि सदरा होऊन परत येते. कातण्या-विणण्याची, शिवण्याची मजुरी बहुतांशी परगावीच राहते. १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरलं, त्यामागे ही मजुरी गावातच राहावी, अशी तळमळ होती. हातमागाचं कापड गरिबाला परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा दोष गरिबाला देणं अन्यायाचं. मात्र स्वस्ताईचा भार कुणीतरी वाहतोच: २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून कपडे शिवणारे अकराशेहून अधिक जीव गेले. म्हणून ज्यांना परवडतं, त्यांनी तरी हातमागाचा एखादा सदरा घासाघीस न करता घ्यावा आणि उसवला तर टाके घालून वापरावा.