पुन्हा फुगेपर्यंत

टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ कडेवरून ओघळत खाली उतरते. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. गोठवलेला गर्भ असलेल्या पट्टीवरचं नाव, नंबर आणि तारीख मी मोठ्यानं वाचते, सहकारी कागदाशी पडताळून पाहते. मग ती पट्टी एका झटक्यात ३७ अंशांच्या द्रावणात. हा झटका चुकवून चालत नाही.

गोठवल्यानं गर्भ शिळा होतो, जितकी वर्षं जास्त तितका खराब, असं पुष्कळ जोडप्यांना वाटतं. तसं नाही. त्या थंडीत पेशींमधल्या रासायनिक घडामोडी जवळजवळ थांबतात. अमेरिकेत १९९२मध्ये गोठवलेल्या भ्रूणांपासून २०२२मध्ये जुळी जन्मली. धोका असतो तो जाण्या-येण्याच्या वाटेवर. पेशीतल्या पाण्याचा बर्फ झाला की त्याचे स्फटिक पेशीचं आवरण फाडतात. म्हणून आधी गर्भातलं बरंच पाणी काढून घ्यायचं, त्या जागी संरक्षक द्रव्य जाऊ द्यायचं आणि मग इतक्या वेगानं गोठवायचं, की बर्फ न होता सगळं काचेसारखं थिजावं. पूर्वीच्या संथ गोठवणीत बरेच गर्भ दगावत. आता शंभरातले नव्वदहून अधिक टिकतात. परतताना मात्र ऊब संथपणे दिली तर त्याच काचेचा वाटेत बर्फ होऊ शकतो. म्हणून मी सेकंद मोजते.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींची आठवण मला अशा वेळी हटकून येते. १९७८ साली, हाताशी फारसं काही नसताना, ५३ दिवस गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून ‘दुर्गा’ जन्मली, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे त्यांच्या हस्तलिखित नोंदी वाचून त्यांचं श्रेय त्यांना मिळावं म्हणून धडपडले ते डॉ. टी. सी. आनंद कुमार. १९८६मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या, भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानल्या गेलेल्या हर्षाच्या यशाचे ते स्वतः एक शिल्पकार होते. स्वतःचा पहिला मान सोडून दुसऱ्यासाठी उभं राहणं मला फार मोठं वाटतं.

द्रावणातून काढलेला पाच दिवसांचा गर्भ चुरगळलेला दिसतो. मग इन्क्युबेटरमध्ये ठेवून वाट पाहायची. दोन-तीन तासांत मधली पोकळी भरू लागते, तो पुन्हा फुगतो. तेव्हा मी त्या जोडप्याला फोन करते, “टिकलाय.” रुजेलच असं कधी म्हणत नाही. टिकणं आणि रुजणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते आम्ही आधीच नीट सांगायला हवं. घाईत सांगायचं राहतं, आणि त्याची किंमत त्या बाईला मोजावी लागते.

एकदा एका जोडप्याचा एकुलता एक गर्भ फुगलाच नाही. तीन तासांनी पेशी काळवंडल्या. मी वेळांची नोंद दोनदा तपासली. सगळं बरोबर होतं. ती दोघं रात्रीच्या एसटीनं निघून खाली येऊन बसली होती. मीच खाली गेले. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, त्याला थंडी वाजली असेल का हो?”

पाच दिवसांच्या गर्भाला मज्जातंतू नसतात, त्याला काही जाणवत नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि अंगावरची शाल नीट करून घेतली.