हा मासा कुठल्या समुद्रातला?

ढाणकीहून कुठल्याही दिशेने निघालं तरी रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आमचं पाणी पैनगंगेचं. ते वर्धेला मिळतं, प्राणहितेतून गोदावरीत जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. समुद्राशी या भागाचा संबंध एवढाच. मासा म्हटला की आम्हाला ईसापूर धरणाचा कटला आणि रोहू आठवतो, फार तर नदीतली मरळ. अशा गावात माझ्या भाच्याने एका संध्याकाळी मोबाइल माझ्यापुढे धरला. गर्द निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, एकात एक, डोहात खडा टाकल्यावर उठावीत तशी. खाली किंमत, त्याखाली ‘जिवंत पोहोचण्याची हमी’ आणि पैसे भरायचं बटण.

“मामा, एम्परर एंजल आहे. घेऊ का?”

मुलगा उतावळा नाही. शाळेत असल्यापासून तो गप्पी, मोली पाळतो आहे. खाऱ्या पाण्याची टाकी त्याने दोन महिने माशाविना नुसती चालवली, कारण अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू स्थिरावायला तेवढा वेळ द्यावा लागतो, हे त्याने वाचलं होतं. इतक्या मनापासून विचारणाऱ्याला “कशाला नसते उद्योग” असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान झाला असता. मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे समजलं आणि पटलं ते इथे मांडतो आहे.

पहिला घोळ नावाचा आहे. आपल्याकडे कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात ‘एंजल’ मागितला की चपटा, लांब परांचा, गोड्या पाण्यातला मासा मिळतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पण कित्येक पिढ्या तो काचेतच जन्मतो आहे. चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये आणि कोलकात्याच्या आसपास शेकडो घरं अशा शोभेच्या माशांच्या पैदाशीवर चालतात. असा एंजल घरी आणला तर कुठल्याही नदीतून काही कमी होत नाही. समुद्रातला एंजल त्याचा नामबंधू आहे, भाऊबंद नव्हे. पोमॅकँथिडी नावाच्या वेगळ्याच कुळात त्याच्या सुमारे नव्वद जाती आहेत आणि बाजारात येणारे त्यातले बहुतेक मासे प्रवाळांतून पकडून आणलेले असतात.

असं का, याचं उत्तर त्यांच्या विणीत आहे. क्लाउनफिश खडकाला अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो. म्हणून त्याची पैदास माणसाला जमली. समुद्री एंजलची जोडी तिन्हीसांजेला तळापासून वर येते आणि मोकळ्या पाण्यात अंडी सोडते. अंडी प्रवाहाबरोबर जातात. त्यातून निघणारं पिल्लू इतकं बारीक असतं की त्याच्या तोंडात मावेल असं खाद्य तयार करणं हीच मोठी विद्या आहे. हवाई आणि बालीत काही जिद्दी माणसांनी काही जातींत ती साधली. पण असे मासे थोडे आणि महाग असतात. मोबाइलवर दिसलेला मासा त्यांतलाच, असं मानायला काहीही आधार नसतो.

बैलबाजारात गेलेला आमचा शेतकरी मला इथे आठवतो. तो जनावराचं तोंड उघडून दात पाहतो, दोनदाती आहे की जुळलेला आहे ते ठरवतो. पाठीवरून हात फिरवतो, भोवरा बघतो, दहा पावलं चालवून घेतो. कुणाच्या दावणीचा, गाड्याला चालतो का, का विकायला काढला, हे सगळं विचारल्याशिवाय रुमालाखाली हात जात नाही. नुसता फोटो पाहून बैलाचे पैसे मोजणारा माणूस मी तालुक्यात पाहिलेला नाही. मग त्याच घरातला मुलगा एक जिवंत जनावर फोटोवरून का घेतो? मासा मुका आहे आणि स्वस्त आहे म्हणून? मुका तर बैलही असतो. बैलासाठी जी चौकशी आपण कर्तव्य मानतो, तीच माशासाठी करावी आणि उत्तर मिळालं नाही तर तो घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा पहिला प्रश्न हा की हा पकडला कसा. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकात शोभेचे मासे धरण्यासाठी सायनाइड वापरायला सुरुवात झाली. पाण्याखाली उतरलेला माणूस सायनाइडचं द्रावण प्रवाळाच्या कपारीत फवारतो. आत लपलेला मासा गुंगतो आणि हाती लागतो. प्रवाळ जागच्या जागी मरतो. बंदी आल्यावरही हे पुरतं थांबलं नाही. असा मासा दिसायला ठणठणीत असतो, खातोही. आतून इजा झालेली असेल तर काही आठवड्यांनी मरतो आणि घेणाऱ्याला वाटतं, आपलंच पाणी बिघडलं. ‘जिवंत पोहोचण्याची हमी’ तर पिशवी दारात उतरते तेवढ्यापुरतीच असते.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. सगळेच मासे विषाने धरले जात नाहीत. जाळीने, एकेक करून, सावकाश मासा धरणारे लोक आहेत. ज्या बेटावर दुसरं उत्पन्न नाही तिथे एक रंगीत मासा कुटुंबाला खाण्याच्या टोपलीभर माशांपेक्षा जास्त देऊन जातो. ज्या खडकातून घर चालतं तो खडक जपायला त्या माणसाला कारणही मिळतं. शिवाय प्रवाळांचा मोठा शत्रू हौशी माणूस नसून तापतं पाणी आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांच्या उष्ण लाटांनी लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पाडली. तिथलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन १९९८ नंतरच्या पाव शतकात जवळपास निम्म्यावर आलं. यावर कुणी म्हणेल, मग ढाणकीतल्या एका माशाने काय होणार? मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. भरल्या कणगीतून मूठभर उचललं तर चालतं. दुष्काळात तीच मूठ मोजावी लागते. आणि जाळीने धरणारा प्रामाणिक माणूस टिकावा असं वाटत असेल, तर त्याचा मासा आणि विषाने धरलेला मासा यांत फरक करणारं गिऱ्हाईक हवं. ते गिऱ्हाईक विचारत नसेल, तर जाळीवाल्याने जास्त वेळ पाण्याखाली का घालवावा?

दुसरा प्रश्न, हा मोठा होऊन काय होणार. कालवड घेताना आपण गाय डोळ्यांपुढे आणतो. एम्पररचं पिल्लू आणि मोठा मासा यांत इतका फरक आहे की युरोपातल्या अभ्यासकांनी त्यांना दोन वेगळे मासे समजून दोन नावं दिली. मोठ्याला १७८७ मध्ये, पिल्लाला १८०१ मध्ये. आणि पिल्लाच्या त्या नावात आपलं निकोबार होतं. दोन्ही एकच, हे कळायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. भाच्याला भुरळ घालणारी ती पांढरी वर्तुळं वाढत्या वयाबरोबर जातात, त्या जागी निळ्या-पिवळ्या आडव्या रेघा येतात आणि मासा चाळीस सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो. म्हणजे जवळजवळ दोन वीत. भाच्याची टाकी तीनशे लिटरची. समुद्रात हा मासा स्पंज आणि खडकाला चिकटलेले मऊ जीव कुरतडत मोठ्या टापूत फिरतो. टाकीत तो प्रवाळांनाच तोंड लावतो. प्रवाळांची बाग फुलवायची आणि तीत हाच मासा सोडायचा, म्हणजे पऱ्हाटीत बकरी बांधण्यासारखं आहे.

त्या बागेविषयी एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण विकणारे ती सहसा सांगत नाहीत. आपल्या समुद्रातले सगळे पाषाण-प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. समुद्री घोडाही तिथेच आहे. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं हलवायची होती, तेव्हा महापालिकेलाही या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. राज्याच्या वन्यजीव विभागाचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. म्हणजे मुंबईच्या प्रवाळाचा रखवालदार विदर्भात बसतो. समुद्र आपला नाही असं म्हणायची सोय त्यामुळेही उरत नाही. एंजल मासा त्या यादीत नाही. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी कडक नियम काढले होते. विक्रीला मनाई केलेल्या १५८ जातींत क्लाउनफिश, बटरफ्लायफिश, एंजल अशी नावं होती. ते नियम लवकरच मागे घेतले गेले. सरसकट बंदी मलाही बरोबर वाटत नाही; तिने पैदास करणारा आणि ओरबाडणारा एकाच मापाने मोजला जातो. पण बंदी उठली म्हणून विचारण्याची जबाबदारी संपली असं होत नाही. ती आता पूर्णपणे घेणाऱ्यावर आली आहे.

तिसरा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा. समुद्राचं पाणी करायला लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ लागतं, तेही घरातलं नव्हे, त्यासाठीच तयार केलेलं. तीनशे लिटरला साडेदहा किलो. आठवड्याला दहावा भाग पाणी बदललं तरी तीस लिटर गोडं पाणी शुद्ध करून घ्यायचं आणि ते करताना त्याच्या दुप्पट-तिप्पट वाया घालवायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात बायाबापड्या पाण्याची वाट बघत बसतात. काढलेलं खारं पाणी ओतायचं कुठे, हाही प्रश्नच. काळ्या जमिनीत मीठ जिरवणाऱ्या माणसाला मला माफ करता येणार नाही. त्यात प्रवाळांना पाणी पंचवीस-सव्वीस अंशांचं हवं आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी वीज गेली, इन्व्हर्टर दमला, की चिलर बंद पडतो, पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो.

प्रवासाबद्दलही थोडं सांगतो. मासा थर्माकोलच्या खोक्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, विमानाने मोठ्या शहरात येतो आणि तिथून पुढे बहुधा एखाद्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. बंद पिशवीत तो श्वास सोडत राहतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि त्यामुळे त्याच्याच अंगातून बाहेर पडलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहाल होतो. लांबून आलेल्या माशाला ‘हळूहळू सवय व्हावी’ म्हणून त्याच पाण्यात दोन-दोन तास ठेवणारे लोक मायेपोटीच त्याला जाळत असतात. पाण्याचा खारेपणा आधीच जुळवून ठेवावा आणि मासा त्या पाण्यातून लवकर बाहेर काढावा. विकणाऱ्याने पैसे घेण्यापूर्वी हे सांगायला हवं.

इतकं लिहूनही मी या छंदाच्या विरोधात नाही. समुद्र न पाहिलेल्या मुलाला समुद्राची ओढ वाटावी, यात मला आनंदच आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तेव्हापासून आमच्याकडची माणसं मुंबईला गेली की तिथल्या काचेला नाक लावून उभी राहत. त्यांना दिसलेला समुद्र खराच होता. घरात टाकी सांभाळणारा मुलगा रसायनशास्त्र शिकतो, पहाटे उठून पाण्याचं तापमान टिपून ठेवतो, एका जिवाला रोज बांधला जातो. हे शिक्षण थोडकं नाही. म्हणूनच ते दुसऱ्या कुठल्या तरी कपारीत विष फवारून मिळू नये असं मला वाटतं. आपल्याच राज्यात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने क्लाउनफिशची पैदास सुरू केली आहे आणि सिंधुदुर्गात किनाऱ्यावरची माणसं ती पिल्लं वाढवतात. त्यांना गिऱ्हाईक हवं आहे. ते आपण व्हावं.

आठ दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून विकणाऱ्याला निरोप पाठवला. मासा पैदाशीचा की पकडलेला? पकडलेला असेल तर कुठल्या समुद्रातला, जाळीने धरला की कसा? तुमच्याकडे किती दिवसांपासून आहे? खाताना त्याचा व्हिडिओ पाठवाल का? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: माल चेन्नईहून येतो, एक नंबर आहे, दोनच शिल्लक आहेत. चेन्नईच्या आधी तो कुठून येतो, असं भाच्याने पुन्हा विचारलं. त्याला उत्तर आलं नाही.

भाच्याने मासा मागवला नाही. त्याच्या टाकीत आज दोन क्लाउनफिश आहेत, पैदास केंद्रात जन्मलेले. ते घेताना हेच चार प्रश्न विचारले होते आणि चारही उत्तरं एका फोनवर मिळाली होती.